विद्यापीठ दिलगीर आहे

सीनातीर विद्यापीठात कुणालाही कशाचंही वाईट वाटत नाही, ही गोष्ट यंत्रानं सिद्ध होईपर्यंत निव्वळ अफवा होती.

सिद्ध झाली त्या सकाळी शलाका हत्तुरे विधी कक्षात बसून नोटिसांना भोकं पाडत होती. विधी कक्ष म्हणजे प्रशासकीय इमारतीच्या तळमजल्यावरची, पुरुषांच्या स्वच्छतागृहाला लागून असलेली खोली. विद्यापीठावर जो कोणी दावा लावी, त्याला उत्तर याच खोलीतून जाई, आणि भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येत असताना ते लिहिलं जाई. शलाका तिथली प्रशासकीय सहायक. टपालाची आवक-जावक करायची, कोर्टाच्या तारखा सांभाळायच्या, वकिलांच्या मागे लागायचं, आणि विधी अधिकारी अ‍ॅड. उपासे यांनी थुंकी लावून उलटलेली पानं स्कॅन करायची. उपासे आधी पेनच्या टोपणानं कान कोरत, मग टोपण बोटानं पुसत, मग तेच बोट जिभेला लावून पान उलटत. हा क्रम कधी चुकला नाही. शलाकानं ड्रॉवरमध्ये रबरी हातमोजे ठेवले होते आणि कार्यालयात जेवणं सोडून दिलं होतं. सकाळी डबा नेई, संध्याकाळी तो तसाच परत आणी.

यंत्र आलं ते कायद्यामुळे. त्याआधीची काही वर्षं देशात माफीला ऊत आला होता. कंपन्या, पुढारी, शाळा, इस्पितळं, सगळेच ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ दिलगीर असत, आणि त्या ‘असतील तर’वर सगळं निभावून नेत. शेवटी लोक वैतागले आणि मनःपूर्वक दिलगिरी कायदा झाला. संस्थेची माफी खरी ठरायची असेल तर ती वाचताना संस्थेतल्या एका तरी जिवंत माणसाला खरोखर वाईट वाटलं पाहिजे. तसं वाटलं, की तक्रारदाराचं समाधान झालं असं धरून प्रकरण कायमचं बंद. नाही वाटलं, तर रीतसर चौकशी, साक्षी, उलटतपासणी, सगळं. कायदा करणाऱ्यांची कल्पना होती की मनापासून माफी मागण्याच्या धास्तीनं लोक चुकाच करणार नाहीत. कायदा करणाऱ्यांपैकी कुणी विद्यापीठात नोकरी केलेली नव्हती.

पण वाईट वाटलं की नाही, हे कळायचं कसं? चेहरा, आवाज, डोळ्यांतलं पाणी, हे सगळं माणसाच्या ताब्यात असतं. जठर नसतं. जठराला स्वतःचा एक ठेका असतो. त्याच्या भिंतीवरून मिनिटाला तीनेक वेळा विजेची एक मंद लाट वरून खाली सरकते, आपण झोपलेले असू की भाषण ठोकत असू. माणसाला मनापासून अपराधी वाटलं की हा ठेका मोडतो, लाटा भरकटतात, घाई करतात. पोटाच्या कातडीवर चार चकत्या चिकटवल्या की ही गडबड बाहेरून मोजता येते. एवढ्या भांडवलावर खेदमापक पट्टा तयार झाला. पोटावर बांधायचा, माफीचा मजकूर वाचायचा. ठेका मोडला तर बक्कलवरचा हिरवा दिवा पेटणार.

त्या सकाळी कुलसचिव डॉ. वडगबाळकर यांनी पट्टा बांधला, म्हणजे दोन पट्टे जोडून बांधला, आणि वसतिगृहात आळ्या पडलेलं वरण खाऊन दवाखान्यात पोचलेल्या मुलींची माफी घसा दाटवून वाचली. दिवा पेटला नाही. उपाशांनी वाचली. दिवा पेटला नाही. परीक्षा नियंत्रकांनी वाचता वाचता डोळे पुसले. दिव्यानं दखल घेतली नाही.

“बॅटरी संपली असंल,” शिपाई सिद्रामप्पा म्हणाला.

“हत्तुरे मॅडम, जरा बांधून बघा हो,” उपासे म्हणाले.

शलाकानं पट्टा बांधला. मजकूर तिच्या हातात यायच्या आधीच, नुसतं ‘वरणातील परकीय जीव’ हे शब्द दिसल्याबरोबर, दिवा पेटला.

खोलीत टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी कार्यालयीन आदेश निघाला : श्रीमती हत्तुरे यांनी आपले काम सांभाळून ‘दिलगिरी’ या विषयाचा अतिरिक्त कार्यभार पाहावा.

तिनं तो दोन वर्षं पाहिला. चुकीच्या निकालांबद्दल तिला वाईट वाटलं. जिन्यावरून पडलेल्या प्राध्यापिकेबद्दल वाटलं, जिना बांधलाच नव्हता याबद्दलही वाटलं. सकाळी टपाल, दुपारी दिलगिरी, मग पट्टे धुऊन दोरीवर वाळत घालणं. सुनावणीला आलेली माणसं तिच्या पोटावरचा हिरवा दिवा बघत, क्षणभर त्यांना बरं वाटे, मग बाहेर पडल्यावर लक्षात येई की आपल्या हातात एक प्रमाणपत्र सोडून काहीच नाही. ज्यानं केलं तो मजेत. ज्या बाईला वाईट वाटलं तिचा संबंध नाही. अशी माणसं फाटकाजवळ उभी राहून इमारतीकडे बघत, आणि शलाका खिडकीतून त्यांच्याकडे बघे.

मग एकदा ती आजारी पडली.

ती रजेवर, समोर सुनावणी, आणि दिवाळीच्या सुट्टीत कपाटात विसरलेला कुणाचा तरी डबा नेमका त्याच दिवशी उघडला गेला. आत एकेकाळी भरली वांगी होती. उपाशांनी पट्टा नुकताच, नाइलाज म्हणून, बांधला होता. वास नाकात गेला आणि त्यांच्या पोटावर, आयुष्यात पहिल्यांदा, हिरवा दिवा लागला.

यामागचं शास्त्र साधं आहे. मेंदूत एका घडीत दडलेला भाग आहे, त्याचं मूळ काम सडकं अन्न ओळखून पोटाला ‘बाहेर फेक’ असा निरोप देणं. माणूस समाज करून राहू लागला तेव्हा अपराध, लाज, शरम यांच्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली असती. निसर्गानं ते काम त्याच भागाच्या गळ्यात टाकलं. अतिरिक्त कार्यभार. त्यामुळे जठरापुरता विचार केला तर पश्चात्ताप आणि मळमळ यांत फरक उरत नाही. पट्टा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं, पण सुनावणीच्या खोलीत कुणी नासकं वांगं घेऊन येईल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या कुठल्याही माणसानं म्हटलं असतं, यंत्रात खोट आहे, कळवायला हवं. उपासे वकील होते. ते म्हणाले, “साधन सापडलं.”

त्या आठवड्यात सिद्रामप्पाला बाजारात धाडून सुकट, बोंबील आणि कालवलेलं आणखी काहीतरी आणवलं गेलं. ते सगळं काचेच्या बरणीत भरून, वर जरा पाणी शिंपडून, झाकण लावून खिडकीत उन्हाला ठेवलं. फायलीवर त्याचं नाव ‘उपकरणाचे सहायक साहित्य’ असं पडलं.

“मॅडम, आमच्या घरात अमावास्येला कांदा बी चालत न्हाई ओ,” सिद्रामप्पा नाकाला उपरणं लावून म्हणाला. “आन मी ह्या बरणीचं झाकण उघडायचं व्हय? माझी आई वर काय म्हणत असंल?”

“म्हणत असेल, पोराला सरकारी नोकरी लागली.”

“थट्टा करू नगा. मला सपनात बी वास येतोय.”

बरणीमुळे विद्यापीठाचा कायापालट झाला. आजवर ज्यांना कशाचंच वाईट वाटत नसे असे अधिकारी रांगेनं दिलगीर होऊ लागले. कुलसचिव बरणी हुंगून माफी वाचत. विभागप्रमुख वाचत. वर्षअखेरीला अहवालात छापून आलं की संवेदनशीलतेच्या बाबतीत विद्यापीठ राज्यात अग्रेसर आहे. शलाकाला वाटलं, चला, आपण सुटलो. पण झाकण उघडायचं, बरणी नाकाखाली धरायची आणि नंतर टेबल पुसायचं काम प्रशासकीय सहायकाचंच ठरलं. घरी जाऊन ती केस धुई, परत धुई, आणि तरी रिक्षात शेजारची बाई सरकून बसे.

मग हळूहळू प्रकरणं पुन्हा तिच्याकडे येऊ लागली. ‘आज मी व्यग्र आहे, हत्तुरेंना द्या.’ ‘माझा घसा बसलाय, हत्तुरेंना द्या.’ का, याचा तिनं फारसा विचार केला नाही. वरिष्ठांचं काम खाली येणं ही विद्यापीठात विचार करायची गोष्ट नव्हती.

आणि एका सोमवारी टपालात गौतमी मेंगाणे यांची तक्रार आली.

गौतमी मेंगाणे म्हणजे शलाकाची धाकटी बहीण. शलाकाचं लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि घरचं कार्यालयात बोलायचं नाही हा तिचा नियम, त्यामुळे कक्षात हे कुणाला माहीत नव्हतं. शलाकाचा नवरा राजस्थानात सौर प्रकल्पावर असे, म्हणून दोघी बहिणी तिच्या फ्लॅटवर एकत्र राहत. गौतमी वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. डाळिंबावर तेल्या रोग पडायच्या कितीतरी आधी पानाचा वास किंचित बदलतो, आणि तो बदल साध्या कागदी पट्टीवर रंगानं दाखवता येतो, हे तिनं उन्हातान्हात बागा पालथ्या घालून शोधलं होतं. शोध छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं : डॉ. निंबर्गी, तिचे मार्गदर्शक आणि अधिष्ठाता. खाली आभारात ‘प्रयोगशाळेतील मदतनीस’ असं होतं. ती विचारायला गेली तेव्हा ते म्हणाले, “अगं, मदतनीस म्हणजे तूच की.”

तिला तिचं नाव परत हवं होतं, आणि पुढच्या मुलींना हा माणूस मार्गदर्शक म्हणून मिळू नये एवढं हवं होतं. दोन्ही गोष्टी चौकशीतच होऊ शकत होत्या. दिवा पेटला तर चौकशी नाही.

उपाशांनी कान कोरत फाइल चाळली, बोट ओलं केलं, पान उलटलं आणि फाइल शलाकाकडे सरकवली. “शुक्रवारी तुम्ही वाचा. निंबर्गी सरांचं प्रकरण आहे, घोळ नको. तुमचा दिवा कसा, हमखास.”

संध्याकाळी शलाकानं घरी सांगितलं. गौतमी भाजी निवडत होती. तिनं पालकाची जुडी खाली ठेवली.

“म्हणजे माझी माफी तू मागणार.”

“हो.”

“आणि तुला वाईट वाटणार.”

“वाटणारच ना, गौते.”

“आणि तुला वाईट वाटलं म्हणून तो सुटणार.” गौतमी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “काय छान सोय आहे गं. रजा टाक.”

“रजा टाकली तर बरणी उघडतील.”

“मग वाईट वाटून घेऊ नकोस! दगड हो. त्या बिल्डिंगीत इतकी वर्षं काढलीस, एवढं शिकली नाहीस?”

धुवायला आणलेला एक पट्टा शलाकाच्या पिशवीत होता. दोघींनी सराव करून बघायचं ठरवलं. शलाका सोफ्यावर पट्टा बांधून बसली, गौतमीनं समोर उभं राहून माफीचा मजकूर वाचला. दिवा पेटला. शलाकानं मनात पावकी-निमकी म्हटली. दिवा पेटला. गौतमीनं टीव्ही लावला, त्यात कुणीतरी ढोकळा करत होतं. दिवा विझला. “हां, ढोकळा!” गौतमी ओरडली. “ढोकळ्याचा विचार कर!” शलाकानं डोळे मिटून ढोकळा डोळ्यांसमोर आणला. मऊ, पिवळा, वर मोहरी. मग त्या ढोकळ्यावर एक ओलं बोट आलं आणि त्यानं तो पानासारखा उलटला. दिवा पेटला.

“तू प्रयत्नच करत नाहीयेस,” गौतमी म्हणाली.

“पोटाला सांगता येत असतं तर यंत्र कशाला लागलं असतं?”

“एवढं वाईट वाटतं ना तुला? मग दोन वर्षं त्यांच्या वतीनं का वाटून घेतलंस? त्या मेसमधल्या पोरी, ती जिन्यावरची बाई. प्रत्येकीचं प्रकरण तुझ्या पोटावर बंद झालंय, ताई. ते तर लुटतातच. पण लुटलेल्याला शेवटी ‘बरं वाटलं का’ असं विचारायला त्यांनी तुला ठेवलंय.”

शलाकानं पट्टा सोडायला हात पोटाशी नेला. दिवा समोर पेटलेला होता, तरी बक्कल हाताला लागेना.

“आणि वाईट वाटतं म्हणू नकोस,” गौतमी आत जाता जाता म्हणाली. “वाईट वाटणारा माणूस काहीतरी करतो.”

त्यावर शलाका बराच वेळ पालक निवडत बसली. गौतमीचं एक वाक्य बरोबर होतं. शलाकाला वाईट वाटत नव्हतं. पहिल्या काही महिन्यांत वाटत असेल, आता दिवा पेटे तो किळसेनं. कुलसचिवांच्या दाटून आलेल्या घशाची किळस, ‘परकीय जीव’ या शब्दांची किळस, टाळ्यांची किळस, आणि सगळ्याच्या तळाशी, बरणीत बुडाला बसलेल्या गाळासारखी, स्वतःची. यंत्राला फरक कळत नव्हता. तिलाही आजवर कळला नव्हता.

शुक्रवारी ती लवकर पोचली. कक्षात उपासे न्याहारी करत होते. खिडकीतली बरणी त्यांनी टेबलावर घेतली होती, तिचं झाकण उघडं होतं, आणि तिला टेकवून त्यांनी मोबाइल उभा केला होता. व्हिडिओ बघत बघत ते शेंगाचटणी-भाकरी खात होते. बरणीच्या तोंडावर एक माशी आली, आत डोकावली आणि माघारी गेली.

“सर, झाकण,” शलाका ओढणी नाकाशी नेत म्हणाली.

“कसलं झाकण?” उपाशांनी इकडेतिकडे पाहिलं. “हां, हे. असू दे की. काय त्रास आहे?” आणि त्यांनी बरणीच्या काठाला लागलेली चटणी बोटानं निपटून चाटली.

शलाका दारात उभी राहिली. तिच्या पोटात जे व्हायचं ते झालं, पण डोक्यात त्याच वेळी दुसरंच काही तरी सरकून जागेवर बसलं. ‘आज मी व्यग्र आहे.’ ‘माझा घसा बसलाय.’

कुठल्याही वासाची नाकाला सवय होते. चांभाराला कातड्याचा वास येईनासा होतो, अत्तरवाल्याला अत्तराचा. रोज तोच निरोप येत राहिला की मेंदू एक दिवस तो उचलायचं बंद करतो, आणि मग पोटाला काही कळवतच नाही. ह्या लोकांनी वर्षभर हुंगलं होतं. तिला मात्र अजून ओढणी लागत होती.

खात्री नव्हती. तिचा अंदाज चुकला तर गौतमीचं प्रकरण बरणीवर बंद होणार होतं, आणि तिची बहीण पुन्हा कधी तिच्याशी बोलली नसती.

सुनावणीला सलोखा अधिकारी म्हणून जिल्ह्याहून या वेळी पहिल्यांदाच श्रीमती इनामदार आल्या होत्या. चष्मा, सुती साडी, मोजकं बोलणं. एका बाजूला गौतमी एकटी. दुसऱ्या बाजूला कुलसचिव वडगबाळकर, उपासे आणि डॉ. निंबर्गी, ज्यांच्या सदऱ्याला इस्त्री अशी होती की बसल्यावरही मोडली नाही. गौतमी शलाकाकडे बघत नव्हती.

“वाचणार कोण?” इनामदारांनी विचारलं.

“हत्तुरे मॅडम,” उपासे म्हणाले. “आमच्या अनुभवी.”

शलाका उभी राहिली. पट्टा हातात होता. “मी वाचू शकत नाही, मॅडम. तक्रारदार माझी सख्खी बहीण आहे. नातेवाइकानं दिलगिरी वाचायची नाही असं कलम आहे.”

उपाशांचं बोट जिभेच्या वाटेवर थांबलं. “कुठलं कलम?”

“तुम्हीच टाइप करायला दिलेलं, सर. कुलगुरूंच्या मेव्हण्याच्या वेळी.”

गौतमीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता : हे काय केलंस? बरणी उघडतील ना आता.

“हरकत नाही, हरकत नाही,” कुलसचिव म्हणाले. “मी वाचतो. संस्थेचा प्रतिनिधी या नात्यानं मला जास्तच वाईट वाटायला हवं. सिद्रामप्पा, साहित्य!”

सिद्रामप्पानं तोंड भिंतीकडे करून बरणी आणली आणि झाकण उघडलं. वास खोलीत शिरला नाही, बसायला आल्यासारखा आला. इनामदारांनी पदर नाकाला लावला. त्यांच्या लेखनिकानं खुर्ची मागे सारली आणि खिडकी गाठली. गौतमीचे डोळे पाण्यानं भरले, ती कचऱ्याच्या टोपलीवर ओणवी झाली.

“हे काय आहे?” इनामदार पदरातून म्हणाल्या.

“उपकरणाचं साहित्य,” उपासे म्हणाले. “नियमात मनाई नाही.”

कुलसचिवांनी बरणीवर वाकून फुलाचा घ्यावा तसा वास घेतला. “विद्यापीठ अत्यंत दिलगीर आहे,” त्यांनी सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. दिवा पेटला नाही. त्यांनी आणखी खोल श्वास घेतला, पुन्हा वाचलं. दिवा नाही.

“ताजं नाही आणलेलं का?” ते सिद्रामप्पाला म्हणाले. “काही वासच नाही याला.”

“साहेब,” सिद्रामप्पा भिंतीला उद्देशून म्हणाला, “बाहेरच्या झाडावरची पाखरं उठून गेली ओ.”

उपाशांनी पट्टा ओढून घेतला. बोटभर ओलं सुकट काढून नाकाखाली धरलं. वाचलं. पोट शांत. मग पट्टा निंबर्गींकडे गेला. डॉ. निंबर्गी हे विद्यापीठातले मुरलेले दिलगीर, अधिष्ठाता म्हणून त्यांनी सगळ्यांत जास्त माफ्या वाचल्या होत्या. त्यांनी बरणी दोन्ही हातांत घेतली, आत नाक घातलं, आणि मोठ्या कसलेल्या आवाजात गौतमीकडे बघत म्हणाले, “कुमारी मेंगाणे यांच्या योगदानाचा योग्य उल्लेख राहून गेल्याबद्दल मला मनस्वी खेद होत आहे.” नाकाच्या शेंड्यावर एक बोंबलाचं खवलं चिकटलं होतं. बक्कल काळी ती काळीच. त्यांच्या जठराची लाट आपल्या रोजच्या संथ चालीनं वरून खाली जात राहिली.

“एक मिनिट,” उपासे उठले. “यंत्र बिघडलंय. मॅडम, सुनावणी पुढे ढकला. नवीन पट्टा, नवीन साहित्य, मग—”

“बिघडलंय का ते बघू,” इनामदार म्हणाल्या. “बरणी बंद करा. बाहेर न्या. सगळ्या खिडक्या उघडा.”

पंखा पूर्ण वेगानं लावला गेला. खोलीत वारा आला, पाठोपाठ बाहेरच्या लिंबाचा वास. इनामदारांनी पदर खाली केला आणि शलाकाला बोलावलं. “तुम्ही बांधा. काही वाचायचं नाही. नुसत्या उभ्या राहा.”

शलाकानं पट्टा बांधला आणि टेबलासमोर उभी राहिली. कुलसचिव घड्याळ बघत होते, जेवणाची वेळ होत आली होती. निंबर्गी नाकावरचं खवलं निरखत होते. उपाशांनी घाबरून सवयीनं टोपण कानात घातलं, फिरवलं, पुसलं, बोट जिभेला लावलं आणि फाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. त्यांच्यापलीकडे गौतमी होती, ओठ पुसत, लाल डोळ्यांची, पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघत.

दिवा पेटला. पेटला तो पेटलाच. इनामदार थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

“यंत्र उत्तम चालू आहे,” त्या म्हणाल्या, आणि लेखनिकाला सांगितलं, “लिहा. दिलगिरी सिद्ध झाली नाही. प्रकरण चौकशीला. अधिष्ठात्यांनी चौकशी होईपर्यंत कुणाचंही मार्गदर्शन करू नये.”

“मॅडम, पण दिवा तर पेटलाय!” उपासे ओरडले.

“पेटलाय. पण तुमचा नाही.”

शलाकाची बदली त्याच दुपारी झाली, अभिलेख कक्षात, जिथे माणसं नव्हती आणि फक्त झुरळं होती. तिला ही बढती वाटली. तिनं ड्रॉवरमधले हातमोजे सिद्रामप्पाला देऊन टाकले, डबा पिशवीत टाकला आणि सुट्टीच्या वेळेला पार्किंगमध्ये आली. गौतमी स्कूटरला टेकून उभी होती.

“तुला माहीत होतं त्यांचे दिवे लागणार नाहीत?”

“नाही.”

“नाही? मग लागला असता तर?”

“तर तू आत्ता इथं उभी नसतीस.”

गौतमी टेकलेली होती ती सरळ झाली. मग म्हणाली, “तुझा दिवा विझतच नव्हता, ताई.”

“वासामुळे गं.”

“बरणी बाहेर होती.”

शलाकानं किल्ली लावली, स्कूटर स्टँडवरून काढली. “बस मागे.”

गौतमी बसली. शाळेत जाताना बसायची तशी, दोन्ही हात बहिणीच्या पोटाभोवती घालून, जिथे एवढे दिवस पट्टा असे तिथे. स्कूटर फाटकाबाहेर पडली.

“सॉरी,” शलाका समोर बघत म्हणाली. “सगळ्यासाठी.”

गौतमीनं तळवा जरा दाबून धरला, डॉक्टर धरतात तसा, आणि मन लावून ऐकलं.

“खरं आहे की खोटं, काही कळत नाहीये,” ती म्हणाली. “नुसतं गुरगुरतंय.”

“भूक लागलीय,” शलाका म्हणाली, आणि पहिल्या झाडाच्या सावलीत स्कूटर थांबवून तिनं डबा उघडला.